बोटं वळत नाहीत, आणि कंपनी म्हणते काम करा

मागच्या अंकात मी विम्याच्या क्लेमच्या कागदांबद्दल थोडंसं लिहिलं आणि त्यानंतर जी पत्रं आली त्यातली बरीचशी संधिवाताची निघाली. कुणाचे गुडघे, कुणाची बोटं, कुणाच्या नवऱ्याची पाठ. मी इथे इंदूरलाच एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात पूर्ण नोकरी काढली आणि घरी माझ्या आईला पंचवीसेक वर्षं आमवात होता, म्हणजे हा आजार मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलाय. त्यामुळे यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, एवढंच घेतलंय.

प्रश्न : ताई, मी सुदामा नगरला राहते, वय ४३. बाहेरदेशाच्या एका कंपनीचं अकाउंट्सचं काम करणाऱ्या ऑफिसात १२ वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए, आमवात निघाला, दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं. ऑफिसची ग्रुप पॉलिसी आहे, त्यात असं आहे की आजारपणामुळे ९० दिवसांपेक्षा जास्त काम करता आलं नाही तर पगाराचा काही भाग दर महिन्याला मिळतो. मी चार महिने बिनपगारी घरी आहे. क्लेम टाकला तर पत्र आलं की एक्स-रेमध्ये विशेष काही नाही, काम बसून करायचं आहे, तेव्हा तुम्ही ते करू शकता. डॉक्टरांनी तर स्पष्ट लिहून दिलंय की मला आरए आहे आणि आराम सांगितलाय. मग अजून काय पाहिजे ह्यांना? घरी पण सासूबाई म्हणतात दुपारी तर चांगली दिसतेस. एचआरवाली म्हणते आहे की राजीनामा द्या म्हणजे फुल अँड फायनल तरी लवकर होईल. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी राजीनामा देऊ नका. बाकी उत्तर नंतर वाचलं तरी चालेल पण हे आज लक्षात घ्या. ग्रुप पॉलिसी कंपनीच्या नावावर असते, तुम्ही तिच्यात आहात त्या नोकरीमुळे, आणि नोकरी सुटली की बहुतेक पॉलिसीत कव्हर त्याच दिवशी संपतं. क्लेमचा वाद चालू असताना हातानं सही करून स्वतःच बाहेर पडलेली माणसं मी पाहिली आहेत, नंतर त्यांच्या केसमध्ये फार गुंता होतो. एचआरला ईमेलवर लिहा की मी मेडिकल लीव्हवर आहे, क्लेमचा निर्णय मी रिव्ह्यूला टाकते आहे. तोंडी बोलू नका, ईमेलच करा.

आता अजून काय पाहिजे ह्यांना, त्याबद्दल. डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहिलंय. विमा कंपनी आजाराच्या नावाला पैसे देत नाही हो. आरए असलेली कितीतरी माणसं गोळ्या घेऊन रोज कामावर जातात, हे क्लेम बघणाऱ्याला माहीत असतं, त्यामुळे नुसतं "आरए आहे, आराम" वाचून त्याला काहीच कळत नाही. मी स्वतः असल्या फायली पाहिल्या आहेत, बाई खरंच कोलमडलेली असायची आणि कागदावर दीड ओळ. तुमच्या हातातून काय होत नाही ते कागदावर आलं पाहिजे, आणि ते आकड्यात आलं तर सगळ्यात चांगलं.

म्हणजे कसं, तर सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात, वीस मिनिटं की दोन तास. कीबोर्डवर सलग किती मिनिटं टाइप करता येतं आणि त्यानंतर किती वेळ हात शेकत बसावं लागतं. फिजिओथेरपीवाल्यांकडे मुठीची ताकद मोजायचं यंत्र असतं, त्यावर किलोमध्ये आकडा येतो, दोन्ही हातांचा तो घ्या, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी. आणि रूमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे, एचएक्यू नावाचा २० प्रश्नांचा फॉर्म असतो, कपडे घालता येतात का, नळ फिरवता येतो का, दुधाची पिशवी फोडता येते का असले साधेच प्रश्न, त्याचा ० ते ३ मध्ये स्कोअर निघतो, तो भरून फायलीत लावायला सांगा. सुजलेले आणि दुखरे सांधे मोजून डीएएस २८ नावाचा एक आकडा काढतात तोही घ्या. डॉक्टरांना वेळ नसतो हे मला मान्य आहे, पण तुम्ही हे मुद्दे एका कागदावर लिहून नेलेत आणि म्हणालात की सर एवढंच तुमच्या लेटरहेडवर पाहिजे, तर बहुतेक डॉक्टर देतात. शेवटची ओळ ही असली पाहिजे की या कारणांमुळे ह्या पेशंटला अमुक काम इतके तास करणं सध्या शक्य नाही आणि ही अवस्था अंदाजे किती महिने राहील.

एक्स-रेचं म्हणाल तर सुरुवातीच्या काही वर्षांत आरएमध्ये एक्स-रे साधा येऊ शकतो, कारण आधी सूज सांध्याच्या आतल्या अस्तराला येते आणि हाड नंतर खातं. ती सूज अल्ट्रासाउंड नाहीतर एमआरआयमध्ये आधी दिसते. तुमच्या मनगटांचा अल्ट्रासाउंड झालेला नसेल तर डॉक्टरांना विचारा. अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी ह्या रक्ततपासण्यांचे सगळे जुने रिपोर्ट तारखेवार लावा. आणि रक्तातला आरए फॅक्टर निगेटिव्ह असेल तरी घाबरू नका, तो निगेटिव्ह असून आजार असलेले पेशंट पुष्कळ असतात, फक्त हे डॉक्टरांच्या पत्रात एका वाक्यात आलं पाहिजे, नाहीतर तिकडे बसलेला माणूस त्यावरच बोट ठेवतो.

"बसून काम" ह्या शब्दावर मला जास्त बोलायचंय कारण ह्यातच तुमचा क्लेम अडकलाय. पॉलिसीत व्याख्या कशी आहे ते बघा, तुमचं स्वतःचं काम करता येत नसेल तर पैसे, की कुठलंही काम करता येत नसेल तर पैसे. ह्या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि काही पॉलिसीत पहिली काही वर्षं एक आणि नंतर दुसरी असते. एचआर आपल्याला एक कार्ड आणि एक पानाचं माहितीपत्रक देतं, ते पॉलिसी नव्हे. मास्टर पॉलिसीची, म्हणजे कंपनीच्या नावावरच्या मूळ पॉलिसीची, व्याख्येची पानं लेखी मागा. स्वतःचं काम असं असेल तर मग तुमचं काम काय आहे ते त्यांना दाखवायला लागेल. अकाउंट्सचं काम बसून असतं हे खरं, पण ते बसून पायांनी होत नाही, बोटांनी होतं. महिन्याच्या शेवटी क्लोजिंगला तुम्ही रोज किती तास एंट्र्या करता, किती शीटा, माऊस कुठल्या हातानं, किती वाजता लॉग-इन व्हायचं, हे तुमच्या रिपोर्टिंग मॅनेजरकडून लिहून घ्या. सकाळी साडेआठला लॉग-इन असेल आणि बोटं दहाच्या आधी उघडत नसतील तर हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर निराळं काही सांगायची गरजच राहात नाही.

आणि सासूबाईंचं. वाईट वाटून घेऊ नका, त्यांना जे दिसतं ते त्या बोलतात आणि क्लेम तपासणारा असेसरही नेमकं तेच बोलतो. आमच्या आईला सकाळी नळाची चावी फिरवता यायची नाही, मी बादली भरून द्यायचे, आणि दुपारी तीनला ती ओट्यापाशी उभी राहून लसूण सोलायची. पाहुणे यायचे ते दुपारीच, त्यामुळे सगळ्या रामबागेत कुणालाच तिचा आजार खरा वाटला नाही. ह्या आजाराची चाल अशीच आहे, एक दिवस बरा, तीन वाईट, मध्येच आठवडाभर काहीच नाही. म्हणून डायरी ठेवा. साधी शाळेची वही चालेल, रोज चार ओळी, उठल्यावर कसं होतं, काय करता आलं, काय नाही, कुठली गोळी. बरा दिवस आला तर तोही लिहा, लपवू नका, कारण ज्या वहीत एकही बरा दिवस नाही तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि तुम्ही खरं बोलताय तर खरंच सगळं लिहा.

अजून एक गोष्ट, ही जरा आपल्या लोकांची सवय म्हणून. मध्येच कोणीतरी सांगतं की इंग्लिश औषधं सोड, अमक्याचा काढा घे, आणि आपण सहा महिने रूमॅटॉलॉजिस्टकडे जातच नाही. क्लेममध्ये ही सहा महिन्यांची फट लगेच दिसते, बिलं नाहीत, प्रिस्क्रिप्शन नाही, मग कंपनी म्हणते की एवढा त्रास असता तर उपचार घेतला असता. त्याहून मोठं म्हणजे त्या सहा महिन्यांत सांधे वाकडे झाले तर ते परत सरळ होत नाहीत. काढा घ्यायचा तर घ्या, डॉक्टरांना सांगून घ्या, पण मूळ औषध सोडू नका. आणि मेथोट्रेक्झेट ही आरएची गोळी चालू असेल तर घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की ती आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते, रोज नाही. चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं. क्लेमशी याचा संबंध नाही पण मला लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

पुढचा रस्ता असा. आधी विमा कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला लेखी तक्रार, वर सांगितलेले सगळे नवीन कागद जोडून. त्यांनी नाही म्हटलं किंवा एक महिन्यात उत्तरच दिलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समन, म्हणजे विम्याच्या तक्रारींचे लोकपाल, आपल्या मध्य प्रदेशचं ऑफिस भोपाळला आहे. ग्रुप पॉलिसीची तक्रारही तिथे चालते. फी नाही, वकील लागत नाही, म्हणजे वकील उभा करताच येत नाही, तुम्ही स्वतः नाहीतर घरचं कोणी बोलायचं. ५० लाखांपर्यंतचे वाद ते बघतात आणि त्यांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही, पटला नाही तर तुम्हाला ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मात्र नकाराच्या पत्रापासून एका वर्षाच्या आत तिथे पोचलं पाहिजे, आणि आधीच ग्राहक आयोगात केस टाकली असेल तर ओम्बड्समन तक्रार घेत नाहीत. म्हणून क्रम हाच ठेवा. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं आहे, ती मनात धरून ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीला असते, आम्ही दोघं तिलक नगर, इंदूर. तिला पण आरए आहे. तिथल्या कंपनीकडून लाँग टर्म डिसॅबिलिटीचे पैसे दोन वर्षं मिळत होते आणि आता एकदम बंद केले, म्हणतात की तू दुसरं काहीतरी काम करू शकतेस. फोनवर रडते. जावई म्हणतात केस करू या. आम्हाला तिथलं काही कळत नाही, तुम्हाला काही माहिती असेल तर सांगा, निदान तिला काहीतरी सांगता येईल.

उत्तर : माझ्या भाचीच्या वेळी आम्ही सगळ्यांनी मिळून हे वाचून काढलं होतं म्हणून थोडं सांगू शकते. दोन वर्षांनी बंद होणं हे तिकडे अगदी नेहमीचं आहे, कारण बऱ्याच पॉलिसीत पहिले २४ महिने "स्वतःचं काम" आणि त्यानंतर "कुठलंही काम" अशी व्याख्या बदलते. म्हणजे तिची तब्येत सुधारली म्हणून बंद केले असं नसेल, मोजायची फूटपट्टीच बदलली. हे तिला आधी सांगा, तिला वाटत असेल की आपल्यालाच खोटं ठरवलंय.

खाजगी कंपनीनं दिलेल्या बहुतेक अशा पॉलिस्या १९७४ च्या एरिसा नावाच्या कायद्याखाली येतात. त्यात नकाराच्या पत्रानंतर अपील करायला १८० दिवस मिळतात. जावईबापूंना म्हणावं कोर्टाची घाई नको, आधी हे अपील, कारण ते केल्याशिवाय सहसा कोर्टात जाताच येत नाही आणि नंतर कोर्टही बहुतांशी तीच फाइल बघतं जी अपिलाच्या वेळी तयार झाली. नंतर नवा डॉक्टर, नवा रिपोर्ट आणला तर तो आत घेतीलच असं नाही. म्हणजे सगळा दारूगोळा अपिलात भरायचा. पहिलं काम, क्लेम फाइलची पूर्ण कॉपी लेखी मागायची, ती फुकट द्यावी लागते, त्यात त्यांच्या डॉक्टरनं काय लिहिलंय ते कळतं. पुष्कळदा त्या डॉक्टरनं तिला पाहिलेलंही नसतं, फक्त कागद वाचलेले असतात. तिच्या डॉक्टरचं म्हणणं का मानलं नाही ह्याचं कारण त्यांना पत्रात द्यावं लागतं. अपील बघणारा माणूस पहिलाच असून चालत नाही, आणि त्यांनी मध्ये नवीन रिपोर्ट मागवला तर निर्णयाआधी तो तिला दाखवून उत्तराची संधी द्यावी लागते. एरवी अपिलाचा निर्णय ४५ दिवसांत, आणि कारण असेल तर अजून ४५.

मग हे जे मी वरच्या ताईंना सांगितलं, मुठीची ताकद, कामाचे तास, डायरी, ते सगळं तिलाही लागू. फक्त आता दाखवायचं असं की तिच्या शिक्षणाचं, तिच्या पगाराच्या जवळपासचं दुसरं कुठलं काम नियमित, आठवड्याचे पाच दिवस, तिला निभावता येणार नाही. आरएमध्ये थकवा किती असतो हे आपण बोलतच नाही, तो कागदावर आणायला सांगा.

सरकारी सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटीचा अर्ज केलाय का तेही विचारा. आजार किमान बारा महिने टिकणारा असावा लागतो, पहिले पाच पूर्ण महिने काही मिळत नाही, आणि आधी पुरेशी वर्षं काम करून तो कर भरलेला असावा लागतो. ते मंजूर झालं तर विमा कंपनी बहुतेकदा तेवढी रक्कम आपल्या पैशातून वजा करते, ते ऐकून धक्का बसू नये म्हणून आधीच सांगते. वकील तिकडचाच, ह्याच विषयातला बघा, त्यातले पुष्कळ जण जिंकल्यावर टक्का घेतात.

आणि फोटो. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात नऊवारी नेसून हातात लेझीम घेतलेला एक फोटो असतो, दोन मिनिटं धरलेली असते ती, नंतर दोन दिवस अंथरुणात. असले फोटो कंपन्या काढून फाइलला लावतात. तिनं घरात कोंडून घ्यावं असं मी म्हणत नाही, तिनं आनंद करावा, पण त्या दोन मिनिटांनंतरचे दोन दिवसही डायरीत लिहिलेले असावेत.

प्रश्न : ताई मी २९ वर्षांची आहे, इंदूर, विजय नगर. दीड वर्षापासून संधिवाताची औषधं चालू आहेत, सध्या एकदम ठीक. हेल्थ आणि टर्म (आयुर्विमा) दोन्ही पॉलिसी घ्यायच्या आहेत. एजंट म्हणतो फॉर्मवर काही लिहू नका, प्रीमियम वाढेल, तीन वर्षं झाली की कोणी विचारत नाही. खरं आहे का?

उत्तर : अगं नको लिहिल्याशिवाय राहूस. तो जे तीन वर्षांचं सांगतोय ते अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळेच धोक्याचं आहे. आयुर्विम्यात विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर प्रश्न उभा करता येत नाही हे खरं, पण ती तीन वर्षं तू जगशील, हप्ता एकदाही चुकणार नाही हे गृहीत धरून तो बोलतोय. पॉलिसी बंद पडून परत चालू केली की घड्याळ परत शून्यावर. आणि त्या तीन वर्षांत काही झालं तर तुझ्या आईवडिलांना केमिस्टची बिलं दाखवून ती पॉलिसी रद्द करतील, एजंट तेव्हा फोन उचलणार नाही.

हेल्थमध्ये तर अजून साधं आहे. आधीचा आजार लिहून घेतलास तर जास्तीत जास्त ३६ महिने त्या आजारासाठी थांबावं लागतं, त्यानंतर कव्हर. लिहिलं नाहीस तर ६० महिने ते तुला कधीही पकडू शकतात, आणि मुद्दाम फसवलं हे सिद्ध झालं तर त्यानंतरही. म्हणजे खरं बोलून तीन वर्षं आणि लपवून पाच वर्षं जीव मुठीत. तुझ्या वयाला, आजार ताब्यात असताना, रिपोर्ट चांगले असताना आत्ताच अर्ज कर, एका कंपनीनं नाही म्हटलं तर दुसरी. प्रीमियम थोडा जास्त लागेल तो दे. फॉर्म एजंटला भरू देऊ नकोस, स्वतः भर, कॉपी ठेव. टर्मबरोबर क्रिटिकल इलनेस रायडर, म्हणजे गंभीर आजारांची जोड, विकतील तर यादी उघडून बघ की त्यात संधिवात आहे का, बऱ्याच याद्यांत नसतोच, आणि जिथे असतो तिथे अनेक सांधे कायमचे खराब झाले तरच अशी कडक अट असते.

प्रश्न : नमस्कार. लष्कर, ग्वाल्हेर. मिस्टर ३७ वर्षांचे, मालनपूरला कारखान्यात आहेत, पगार १९ हजार. पाठ पूर्ण आखडते, पहाटे उठता येत नाही, एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आहे आणि डॉक्टर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांचा संधिवात म्हणाले. सुपरवायझर म्हणतो उभं राहता येत नसेल तर घरी बसा. विमा वगैरे आमचा काहीच नाही. दोन मुलं आहेत.

उत्तर : विमा नाही असं तुम्हाला वाटतं, पण १९ हजार पगार आहे म्हणजे २१ हजाराच्या आत, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा कापत असतील, पगाराची चिठ्ठी बघा. कापत असतील तर तोच तुमचा विमा आहे. उपचार तुमचे आणि मुलांचे तिथून होतात, आणि डॉक्टरांनी कामाला अनफिट लिहिलं तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत साधारण ७० टक्के मजुरी मिळते, आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची कापणी झालेली असली पाहिजे. खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर घरी बसू नका, ईएसआयच्या डॉक्टरकडूनच सर्टिफिकेट घ्या, नाहीतर ते दिवस वाया जातात.

दुसरं पीएफ. त्यातला एक हिस्सा पेन्शन योजनेत जातो, १९९५ ची ईपीएस. तिच्यात एक कलम आहे जे कारखान्यात सहसा कोणी सांगत नाही. नोकरीत असताना माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, म्हणजे त्या वेळी जी कामं तो करू शकत होता ती सगळी आता कायमची करता येत नाहीत, तर त्याला पेन्शन मिळते, दहा वर्षं पूर्ण व्हायची अट नाही, एक महिन्याची कापणी झालेली असली तरी चालतं, आणि अपंगत्व मशीनवर आलं की आजारानं ह्यानं फरक पडत नाही. मेडिकल बोर्डासमोर जावं लागतं. रक्कम फार मोठी नसते, किमान पेन्शन १००० रुपये आहे, पण ते नोकरीत असतानाच झालं पाहिजे. म्हणून त्यांनी रागावून हिशोब घेऊन बाहेर पडू नये, आणि पीएफचे सगळे पैसे काढायचा फॉर्म तर अजिबात भरू नये.

पण वहिनी, खरं सांगू का, मला वाटत नाही तुमचे मिस्टर इतक्यात तिथपर्यंत जातील. ३७ म्हणजे अजून हातात वेळ आहे. ह्या आजारात आरामानं पाठ जास्त धरते आणि हालचालीनं सुटते, रोजचा व्यायाम हा औषधाइतकाच महत्त्वाचा, आणि आता चांगली इंजेक्शनं आली आहेत, महाग आहेत, पण ईएसआयकडून मिळू शकतात का ते रेफरल घेऊन विचारा. बिडी-सिगरेट असेल तर बंद, ह्या आजारात तिनं मणके लवकर जुळतात. सुपरवायझरला नाही, मॅनेजमेंटला लेखी अर्ज द्या की उभ्याचं काम सोडून स्टोअरचं, गेटचं, तपासणीचं काम द्या, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, पोच घ्या. आणि अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी यूडीआयडीचा, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज करून ठेवा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात संधिवात नावानं नाही पण चालण्या-हलण्याचं अपंगत्व आहे, त्यात मोजतात. ४० टक्के आले तर बऱ्याच सवलती उघडतात.

प्रश्न : मी वडोदऱ्याचा, दांडिया बाजार. वय ६१, दोन्ही गुडघे गेलेत, वाटी बदला म्हणाले. माझी पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी आहे त्यात डिसॅबिलिटी लिहिलेली आहे, एजंटनं पण सांगितलं होतं मिळेल म्हणून. क्लेम रिजेक्ट. माझ्याकडे सिव्हिलचं ४५ टक्क्यांचं सर्टिफिकेट पण आहे!

उत्तर : दादा, तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाहीये. ती पॉलिसी अपघाताची आहे. झिजेनं गेलेले गुडघे हा आजार धरतात, अपघात नाही, त्यामुळे हा नकार बहुधा टिकेल. वर्षाला २० रुपयेवाली पंतप्रधान सुरक्षा विमा योजनाही अशीच, फक्त अपघाताला. तुमचं ४५ टक्क्यांचं सर्टिफिकेट खरं आहे पण ते सरकारी सवलतींसाठी आहे, विम्याची व्याख्या पॉलिसीत वेगळी लिहिलेली असते, आणि ह्या दोन्हीची गल्लत एजंटलाही होते. एजंटनं लेखी काही दिलं असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, तर चुकीचं सांगून विकली म्हणून कंपनीकडे तक्रार करा, गुजरातचं ओम्बड्समन ऑफिस अहमदाबादला आहे.

ते सर्टिफिकेट मात्र वापरा. जुन्या टॅक्स रेजीममध्ये असाल तर अपंगत्वासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते, नव्यात मिळत नाही, तेव्हा ह्या वर्षी कुठली रेजीम परवडते ते सीएकडून दोन्ही बाजूंनी मांडून घ्या. आणि वाटी बदलायचा खर्च हेल्थ पॉलिसीतून होतो, ती असेल तर सांधा बदलायच्या ऑपरेशनचा वेटिंग पीरियड संपलाय का ते आधी बघा आणि मगच ऑपरेशनची तारीख घ्या. पॉलिसीचं पान फोटो काढून पाठवलंत तर मी बघीन, नाव आणि नंबर झाकून पाठवा.